मायक्रोमीटर

राजाक्का, तू विचारलंस म्हणून सांगते.
छप्पर बदलायचं तर आधी शिडी लाव
आणि स्वतः वर चढ.
पदर खोच, गुडघ्यांचं नंतर बघू.
फुटलेलं कौल खालनंही दिसतं,
वासा कुजलाय ते वर गेल्यावरच कळतं:
बोट दाबलं की आत जातं,
चहात बुडवलेल्या बटरात जावं तसं.

आमच्या चौगुल्यांना आता चढवत नाही.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथपुढं उभे राहिले,
आता हात थरथरतो, चहा बशीत सांडतो.
ते अंगणात खुर्ची टाकून बसले
आणि मी आढ्यापासनं ओरडत गेले:
तिसरा वासा गेला. पाचवा गेला.
सहाव्यापाशी मांजर व्यालंय.
त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं,
मांजरसुद्धा.

दर तिघांकडनं घे, कागदावर घे.
पत्र्याची जाडी लिहून घे, नाव नको,
नावं सगळीच चांगली असतात.
उतरवलेली कौलं कोणाची, तेही लिही,
नाहीतर एका संध्याकाळी ती ट्रॉलीत बसून
कागलच्या रस्त्याला लागतात
आणि आपण दारात उभ्या.

दस्तगीर शिकलगारनं लिहून दिलं होतं:
शून्य पॉइंट पन्नास.
पत्रे आले, निळेशार, गल्ली बघायला जमली.
हे उठले, आत गेले,
कपाटातनं मखमलीची डबी घेऊन आले.
निवृत्तीच्या दिवशी मालकानं
नारळाबरोबर दिलेला मायक्रोमीटर.
थरथरणारा तो हात, राजाक्का,
पत्र्याच्या कडेला टेकला आणि थांबला.
तीनदा टिकटिक झाली.
"पस्तीस," हे म्हणाले.
आकडा सांगताना त्यांनी आवाज कधीच चढवला नाही.

दस्तगीरनं टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली.
"दुकानदारानं फसवलं."
मग थोड्या वेळानं, "न्हाई. मला म्हाईत हुतं."
आणि टेम्पोकडं बघत,
"अण्णा, आजवर कुणी मोजलंच न्हाई."

मी असते तर घालवून दिलं असतं.
ह्यांनी त्याला चहा पाजला, पत्रे परत धाडले,
आणि त्यालाच काम करायला लावलं.

दोन रात्री घर उघडं होतं.
ताडपत्री पुरली नाही स्वयंपाकघरापर्यंत,
रस्त्याचा दिवा थेट फडताळात आला,
चटणीची बरणी, उधारीची वही, सगळं चव्हाट्यावर.
मांजर मात्र पिल्लं घेऊन
कॉटखाली निवांत.

पाऊस आपल्याकडं रंकाळ्याच्या अंगानं येतो,
म्हणून पत्रे उगवतीकडनं लावत यायचे,
जोडाचं तोंड वाऱ्याला पाठमोरं.
स्क्रू उंचवट्यावर मार म्हणावं, पन्हळीत नको,
रबर चेपेल इतकाच आवळ, फुटेल इतका नको.
आणि शेवटचे दहा हजार
आषाढ सरेपर्यंत डब्यात ठेव.
दस्तगीरनं स्वतःच सांगितलं ठेवायला.

श्रावणात एक थेंब गळला, नेमका शेगडीवर.
फोन केला तर तो फटफटीवर आला,
खिशात एक स्क्रू, एक वायसर.
पैसे घेईना. उंबऱ्यात घुटमळला,
"अण्णा, ते यंत्र जरा दावा की."

मग दोघं सगळं मोजत बसले.
काडेपेटीची काडी, भाकरीचा पापुद्रा,
त्याच्या गाडीची किल्ली.
शेवटी ह्यांनी माझा एक पांढरा केस मागितला.
"शून्य पॉइंट शून्य सात," दस्तगीरनं वाचलं,
चुकत, पुन्हा वाचत.
म्हटलं, पत्र्याहून किती पातळ?
"सातपट," हे म्हणाले, हिशेब न करता.

उन्हाळ्यात तापतं मात्र, खोटं कशाला बोलू.
ते कागदावर घ्यायचं राहिलं.